‘घर नीट झालं की बोलावू’

‘रात्री मोबाईलवर बायकांची घरं, मुलांचे डबे, पहाटे पाचची दिनचर्या बघत बसते आणि मग आपलं काहीच धड नाही असं वाटतं. हे बघणं बंदच करू का?’ हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणींनी विचारला आहे की त्याचं उत्तर एका बाईंच्या अनुभवातून द्यावंसं वाटलं. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पस्तिशीतल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या या बाई डोंबिवलीच्या. घरात नवरा, सासूबाई आणि पहिलीतली मुलगी. त्या माझ्याकडे सल्ल्याला आल्या होत्या मुलीसाठी. एक अक्षर वाकडं गेलं की मुलगी पान फाटेपर्यंत खोडरबर घासायची आणि रडायची. घरात आणखी कुणाला असं होतं का, असं मी विचारलं. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मलाच होतं.”

त्यांनी तीन वर्षांत संक्रांतीचं हळदीकुंकू केलं नव्हतं. मोबाईलमध्ये मात्र पितळी उरळीतली (पसरट भांड्यातली) फुलं, पैठणीच्या काठाची सजावट, कापडी बटव्यातलं वाण असे ढीगभर फोटो जपून ठेवलेले. यांच्या हॉलमध्ये सासूबाईंचा पलंग आणि कपडे वाळत घालायचा स्टँड. “घर नीट झालं की बोलावू,” असं म्हणत वर्षं गेली. ‘खाली आलोय’ असा नातेवाइकांचा फोन आला तरी पोटात गोळा यायचा. माझ्या मते खरं नुकसान इथे होतं. बघण्यात अर्धा-पाऊण तास जातो, पण त्यापायी जे करायचं राहून जातं त्याचा हिशेब कुणी करत नाही. परिपूर्णतेचा हट्ट असलेल्या माणसाचं घर चकचकीत असेलच असं नाही. पुष्कळदा त्याच्या गोष्टी नुसत्या पुढे ढकललेल्या असतात.

झोप, भूक, रोजच्या कामातलं लक्ष याची चौकशी मी पहिल्याच भेटीत केली. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही बोलता येतं. यांच्या बाबतीत तसं नव्हतं.

“ते सगळं कॅमेऱ्यापुरतं असतं, काही तर पैसे घेऊन केलेलं असतं, हे मला कळतं मॅडम,” त्या म्हणाल्या. “तरी जीव जळतो.” त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. २०२१पासून जाहिरात मानक परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा मजकुरावर जाहिरात असल्याचा उल्लेख अपेक्षित असतो. पण तो वाचून मन निवत नाही. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्ये मांडलं की नेमकं माप हाताशी नसलं की माणूस स्वतःला इतरांशी ताडून बघतो, आणि तेही आपल्यासारख्या वाटणाऱ्यांशी. नटीचा बंगला बघून या बाईंना काही होत नव्हतं. ठाण्यात राहणारी, नोकरी करणारी, एका मुलीची आई दिसली की लागायचं. म्हणून ‘बघू नका’ एवढं सांगून भागत नाही. मोबाईल बंद केला तरी शाळेच्या फाटकापाशी तीच तुलना उभी राहते.

“तुमच्या घराला नावं कोण ठेवेल?” मी विचारलं.

“सासूबाई. बोलत नाहीत, पण मनात असणारच.”

पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे जे प्रकार सांगितले, त्यातला हा एक: लोकांना आपल्याकडून निर्दोषच हवं आहे असं धरून चालणं. मी त्यांना सासूबाईंनाच विचारून यायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मला वाटलं तुलाच बायका घरात नकोत. माझ्या मैत्रिणींना मी देवळातच भेटते.” हे मला सांगताना या बाईंना रडू आलं.

पितळी उरळी आवडण्यात गैर काहीच नाही. ‘ती असल्याशिवाय चारचौघींना बोलवायची माझी लायकी नाही’ हे त्याला चिकटलेलं दुसरं वाक्य छळतं. विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा भर हा आग्रह सोडण्यावर होता, आवड सोडण्यावर नव्हे. आणि तो नुसत्या चर्चेने सुटत नाही, तसं वागून बघावं लागतं.

रथसप्तमीला अजून अवकाश होता. आवराआवरीला अर्धा तास, वाण म्हणून चहाची गाळणी, तिळगूळ विकतचा, पलंग जागेवर, असं आम्ही ठरवलं. काय काय वाईट होईल ते त्यांनी आधी कागदावर लिहिलं: बायका पसारा बघतील, लवकर उठतील, कुणीतरी टोमणा मारेल. नंतर तोच कागद घेऊन आम्ही बसलो. टोमणा खरंच आला होता, “हॉल फारच लहान पडतो गं तुम्हाला.” त्या क्षणी कानशिलं तापली, म्हणाल्या. पण त्याच बाई सासूबाईंशी गप्पा मारत सगळ्यात शेवटी उठल्या. ठरलेली भीती खरी झाली आणि तीही सोसता आली, हे मला सगळं सुरळीत पार पडण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

बघणं त्यांनी सोडलेलं नाही. जे बघून झाल्यावर आपल्याच घराचा राग येतो ते काढून टाकलं. भरतकाम शिकवणाऱ्या एकीचे व्हिडिओ ठेवले, कारण ते बघून त्या खरंच सुई-दोरा घेऊन बसतात. रात्री जेवणानंतर, दमलेल्या अवस्थेत मात्र बघायचं नाही असं ठरलं आहे.

मुलीच्या वर्गशिक्षिकेशी बोलून खोडरबराऐवजी चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारायची मुभा घेतली. घरी पोळी फाटली की आई मोठ्याने म्हणते, “फाटली. असू दे, खाऊ.” मुलगी अजून अधूनमधून रडते, पण वही आता फाटत नाही. या दिवाळीत चकली बचत गटाकडून आणायची आणि करंज्या घरी करायच्या, असं सासू-सुनेने मिळून ठरवलं आहे.