नवीन बाथरूमात गॅस गीझर लावू की लाईटवरचा?

तुम्ही विचारलंय की गावचं घर दुरुस्तीला काढलंय, जुन्या न्हाणीच्या जागी टाइल्सवालं बाथरूम होतंय, तर गॅस गीझर स्वस्त पडेल की लाईटवरचा. बाथरूमच्या आत लावणार असाल तर लाईटवरचाच लावा, स्वस्त-महागाचं मागून बघू.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यात. घर सुधरवायच्या आधी पऱ्हाटी-तुऱ्हाटी जाळून चुलीवर गंजात पाणी तापायचं अन् त्यासाठी पहाटे पाचला मी उठायची. म्हणून बाथरूमचं ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं की लाईटवरचा 15 लिटरचा घ्या. भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणाले, गावात लाईन टिकते का, गॅसचा आणा, नळ सोडला की गरम पाणी. पाणी तापवणारी मी, पण मला कोणी विचारलं नाही, अन् गीझर बसला बाथरूमच्या आत, नळाच्या वर. खिडकी एकच, स्लायडिंगची, तीही थंडीत गार वारा येतो म्हणून बंद.

मार्गशीर्षातला गुरुवार होता, सासूबाईंचा उपास. आधी भासरे, मग आमचे हे, मग माझा मुलगा, अशा लागोपाठ आंघोळी झाल्या अन् चौथ्या नंबरला सासूबाई गेल्या. पंधरा-वीस मिनिटं झाली, पाणी पडायचा आवाज येतोय पण हाक मारली तर ओ नाही. दार वाजवून वाजवून शेवटी कडी तोडली, तर त्या खाली पडलेल्या अन् गीझर तसाच चालू. उचलून अंगणात बाजेवर टाकलं, मोकळी हवा लागली तेव्हा कुठं डोळे उघडले, मग उलटी झाली, डोकं फुटतंय म्हणाल्या.

आणि घरात पहिलं वाक्य काय निघालं, तर "उपाशी होती माय, सकाळी चहा तरी द्याचा होता तिले." म्हणजे दोष माझा! दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की पाणी कशावर तापवता. मी सांगितलं तसं त्यांच्या लगेच लक्षात आलं. तरी भासरे आजही चार माणसांत सांगतात की उपासानं चक्कर आली. अहो, चाळीस वर्षं उपास धरतात त्या, कधी पडल्या नाहीत, त्याच दिवशी काहून पडल्या?

गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो अन् कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. सिलिंडर लीक झाला तर वास येतो कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, या कार्बन मोनॉक्साईडला मात्र ना वास ना रंग. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून माणूस गुदमरतोय हे त्याला कळतही नाही, पाय लुळे पडतात अन् कडी काढायची ताकद राहत नाही. पोटात चहा असला काय नसला काय, काही फरक पडत नाही.

आता तुमचा खर्चाचा प्रश्न. 14.2 किलोच्या सिलिंडरवर जेवढं पाणी तापतं तेवढ्याला विजेचे साधारण 140-145 युनिट लागतात. म्हणजे सिलिंडरच्या भावाला 140 नं भागा अन् तुमच्या बिलावर युनिट शेवटी कितीला पडतं ते बघा, युनिट महाग निघालं तर गॅस स्वस्त. एका माणसाची 15 लिटर पाण्याची आंघोळ अर्ध्या युनिटात होते. महिन्याचा फरक काढला तर जिवापुढं काहीच नाही.

लाईटवाल्यालाही त्रास आहेच. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टला धरलेला असतो, आमच्याकडे संध्याकाळी 180 वर येतं तेव्हा तो जेमतेम 1200 वॅटनं तापवतो, दीडपटीहून जास्त वेळ धरा. टाकीवालाच घ्या, लाईन जायच्या आधी तापवून ठेवलं की निभतं. बोअरचं खारं पाणी असेल तर कॉईलवर चुन्याचा थर चढतो, वर्षातून एकदा उघडून साफ करावं लागतं (गॅसच्या गीझरची तांब्याची नळीही तशीच बुजते, त्यात सूट नाही). मेन बोर्डापासून वेगळी 4 एमएमची वायर, 16 अँपियरचा स्विच, खरं अर्थिंग अन् ईएलसीबी (करंट गळला की आपोआप लाईन तोडणारा स्विच), हे सगळं टाइल्स लागायच्या आधी करून घ्या, अन् आंघोळीला जाताना स्विच बंद.

हां, गॅसचा घेऊच नका असं नाही. आम्हीही तोच गीझर काढून बाहेर, अंगणातल्या उघड्या भिंतीवर टिनाच्या छपराखाली लावलाय अन् फक्त गरम पाण्याचा पाईप आत घेतलाय. तसा लावता येत असेल तर खुशाल लावा, फक्त टाकी उंचावर पाहिजे, धार बारीक असली की पेटत नाही.

आणि घरातलं कोणी म्हणेल की आमच्या सासरी पाच वर्षांपासून आत लावलाय, काही झालं नाही, तर त्यांना विचारा की तिथं झरोका केवढा आहे, थंडीत तो उघडा राहतो का, अन् एकामागं एक किती जण आंघोळ करतात. भासऱ्यांना मी हेच तीन प्रश्न विचारले होते, अजून उत्तर दिलं नाही त्यांनी.