रूळ सीमेपलीकडेही आहेत, मग गाडी कुठे अडते?

वाचकांचे प्रश्न : भारतीय रेल्वे आणि शेजारी देश

प्रश्न : इंग्लंडमध्ये रुळांतले अंतर ४ फूट साडेआठ इंच. मग इंग्रजांनीच घातलेल्या आपल्या रेल्वेचे साडेपाच फूट कसे? आणि तेच गेज पाकिस्तान-बांगलादेशातही कसे?

ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा कल इंग्लंडच्याच मापाकडे होता. सल्लागार अभियंता सिम्स यांनी साडेपाच फूट सुचवले. लॉर्ड डलहौसी तर सहा फुटांसाठी आग्रही होते. अखेर साडेपाच फुटांवर, म्हणजे १६७६ मिलिमीटरवर शिक्कामोर्तब झाले आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी याच मापावर धावली.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. हे मार्ग घातले तेव्हा ते दोन देशांत जाणारच नव्हते. अमृतसर-लाहोर आणि कलकत्ता-कुष्टिया हे दोन्ही मार्ग १८६२ चे. १९४७ ची सीमा चालत्या रेल्वेवरून ओढली गेली. नॉर्थ वेस्टर्न रेल्वे आणि बंगाल आसाम रेल्वे यांची वाटणी झाली. आसामशी भारतीय हद्दीतून रेल्वेने संपर्कच उरला नाही, म्हणून किशनगंज ते फकिराग्राम असा जोडमार्ग घाईने बांधून १९५० मध्ये आसाम पुन्हा जोडावा लागला. रेल्वे अभियंत्यांच्या त्या कामाची आठवण आज फारशी कुणी काढत नाही, याची खंत वाटते.

गेज एकच राहिल्यामुळे २००८ च्या १४ एप्रिलला सुरू झालेल्या कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेसला सीमेवर चाके बदलावी लागली नाहीत. वेळ जायचा तो कागदपत्रांत. सीमेलगतच्या गेदे (भारत) आणि दर्शना (बांगलादेश) या दोन्ही स्थानकांवर सामानासकट उतरून तपासणी करून घ्यावी लागे. नोव्हेंबर २०१७ पासून ती तपासणी दोन्ही टोकांच्या स्थानकांवर नेली आणि प्रवासाचे काही तास वाचले. ही सेवा जुलै २०२४ मध्ये थांबवण्यात आली. तेव्हा बेत आखण्यापूर्वी ती चालू आहे का, हे रेल्वेकडून विचारून घ्यावे.

प्रश्न : मिरजेला पूर्वी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज होती, एकाचा माल दुसऱ्यात उतरवावा लागे. बांगलादेशात म्हणे एकाच मार्गावर तीन रूळ घालून दोन्ही गाड्या चालवतात. ते कसे जमते? आपल्याकडे का केले नाही?

बांगलादेशात जमुना नदीच्या पश्चिमेला मुख्यतः ब्रॉडगेज, पूर्वेला मीटरगेज. १९९८ मध्ये नदीवर पूल झाला तेव्हा दोन्ही गाड्या पलीकडे नेण्याचा प्रश्न आला. उपाय तीन रुळांचा: एक रूळ सामाईक, त्याच्यापासून १००० मिमीवर दुसरा आणि १६७६ मिमीवर तिसरा.

हे जमते ते दोन मापांत ६७६ मिमीचा फरक आहे म्हणून. दर मीटर लांबीला ६० किलो वजनाच्या रुळाचा तळ १५० मिमी रुंद असतो, शिवाय त्याला आवळणाऱ्या क्लिपांना जागा हवी. रशियाचे १५२० आणि चीनचे १४३५ यांत फरक फक्त ८५ मिमी. तिथे तिसरा रूळ मावत नाही, चार रूळ घालावे लागतात.

खरी मेख फलाटावर आहे. मीटरगेज डबा सुमारे २.७४ मीटर रुंद, ब्रॉडगेज डबा सुमारे ३.२५. सामाईक रूळ फलाटाच्या बाजूला ठेवला, तर मीटरगेज डब्याची कड ब्रॉडगेजपेक्षा आठेक सेंटिमीटर फलाटाकडे जास्त येते. फलाट तेवढा मागे घेतला की दोन्ही गाड्या चालतात. सामाईक रूळ पलीकडे गेला, तर मीटरगेज प्रवाशाला जवळजवळ साठ सेंटिमीटरची फट ओलांडावी लागेल. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बायका तिथून उतरणार कशा?

सामाईक रुळावरून दोन्ही गाड्यांची चाके जातात, म्हणून तो आधी झिजतो. सांध्यांवर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, क्रॉसिंगची (रूळ एकमेकांना छेदतात त्या जागांची) संख्या वाढते. प्रत्येक क्रॉसिंगच्या खाचेत खडी अडकण्याचा धोका असतो आणि चाकाचा दणका बसतो, त्यामुळे देखभालीची माणसे जास्त लागतात. शिवाय दोन गेजच्या डब्यांचे मध्य ३३८ मिमीने सरकलेले असतात, त्यामुळे एका गेजचे इंजिन दुसऱ्या गेजच्या वाघिणींना (मालडब्यांना) नेहमीच्या कपलिंगने जोडता येत नाही. हा सगळा व्याप कायमचा मागे लावून घेण्यापेक्षा आपण १९९२ पासून मीटरगेज उखडून ब्रॉडगेज घालण्याचा मार्ग धरला. आमच्या मते तोच योग्य होता.

प्रश्न : भारतातून रेल्वेने थेट युरोपात जाता येईल का?

आज नाही. अटारी-वाघ्यावरून जाणारी समझोता एक्स्प्रेस (सुरुवात २२ जुलै १९७६) ऑगस्ट २०१९ पासून बंद आहे. ती चालू असती तरी गाडी इराणात जाहेदानला अडली असती. पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याहून तिथवर १६७६ मिमीचे रूळ जातात. पुढे इराणचे १४३५. केरमान-जाहेदान मार्ग २००९ मध्ये पुरा झाला, तोवर रुळच सलग नव्हते. मालासाठी सोपा उपाय म्हणजे कंटेनर: दोन गाड्या शेजारी उभ्या करून क्रेनने पेटी उचलायची. सुटा माल पोत्यापोत्याने हलवला तर फुटतो, भिजतो, दिवस जातात.

बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, बदलणे हा दुसरा मार्ग. डबा सोडवायचा, ब्रेकच्या जोडण्या काढायच्या, जॅकवर उचलायचा, जुन्या बोगी ढकलून नव्या आत घ्यायच्या, डबा पिव्हटवर (बोगीच्या मधल्या खुंटीवर) नेमका बसवायचा आणि ब्रेक तपासायचे. मात्र दोन्हीकडचे ब्रेक आणि कपलिंग वेगळ्या पद्धतीचे असतील, तर नुसत्या बोगी बदलून काहीच साधत नाही.

प्रश्न : नेपाळला रेल्वे आहे का?

आहे. जयनगर-जनकपूर ही १९३७ ची नॅरोगेज २०१४ मध्ये बंद पडली. ब्रॉडगेज करून जयनगर-कुर्था ही सुमारे ३५ किमीची सेवा २ एप्रिल २०२२ ला सुरू झाली. तिच्या डेमू (वेगळे इंजिन न लागणाऱ्या, डिझेलवरच्या) गाड्या कोकण रेल्वेमार्फत नेपाळला मिळाल्या. जाताना फोटो असलेले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, झेरॉक्सवर विसंबू नये.

प्रश्न : 'बोट मेल' श्रीलंकेपर्यंत जात असे का?

गाडी नाही, प्रवासी जात. १९१४ पासून मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, तिथून आगबोटीने तलैमन्नार, पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी आणि तिचा मार्ग नेला. श्रीलंकेचे गेजही १६७६ मिमीच आहे. तिकडे तलैमन्नारपर्यंतचे रूळ २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले. इकडे पांबनला एप्रिल २०२५ मध्ये नवा पूल झाला, त्याचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो आणि खालून जहाज जाते. गाडी त्यावरून रामेश्वरमला पोचते. पुढे धनुष्कोडीपर्यंत रूळ नाहीत.