मेरीलँडच्या कॅथलिक मूळ पुरुषाचा माग: आधी सोयरे शोधा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मिस्टरांचं घराणं अमेरिकेतल्या मेरीलँडच्या सेंट मेरीज काउंटीचं. मूळ पुरुष कॅथलिक, 1660च्या सुमारास इंग्लंडहून आलेला. त्याचं 1676चं मृत्युपत्र तुमच्या हाती आहे आणि आता त्याचे इंग्लंडमधले आईवडील शोधायचे आहेत. इंटरनेटवरच्या वंशावळींनी त्याला लँकेशरच्या एका बड्या घराण्याला जोडलंय, ते खरं का?

पुरावा दिसेपर्यंत खरं धरू नका. माझ्या जावयाच्या घराण्याचा शोध घेताना मी अशाच एका नावापायी दोन वर्षं घालवली. आडनाव तेच, गाव पटण्यासारखं, वयही जुळत होतं. मग इंग्लंडमधल्या त्या माणसाच्या दफनाची नोंद सापडली. आमचा माणूस मेरीलँडात जमीन मागत होता त्याच्या सहा वर्षं आधीची! तेव्हापासून मी आधी सोयरीक बघतो, आडनाव नंतर.

का, ते डॉ. टॉमस जेरार्ड यांच्या उदाहरणावरून कळेल. हे कॅथलिक गृहस्थ 1630च्या दशकाच्या शेवटी मेरीलँडला आले आणि सेंट क्लेमेंट्स मॅनर या मोठ्या जमीनजुमल्याचे मालक झाले. त्यांची बायको सुझाना स्नो प्रोटेस्टंट. तिचा भाऊ जस्टिनियन मेरीलँडला आलेला, दुसरा भाऊ एबल लंडनमध्ये. म्हणजे या घराचा समुद्रापलीकडचा धागा बायकोच्या माहेरातून जातो. जेरार्ड स्वतः धर्माचे कट्टर. 1642मध्ये त्यांनी प्रोटेस्टंटांच्या प्रार्थनाघराची किल्ली आणि पुस्तकं उचलून नेली, म्हणून त्यांना 500 पौंड वजनाच्या तंबाखूचा दंड झाला. मुली मात्र प्रोटेस्टंटांच्या घरी पडल्या. एकीचा नवरा जॉन कूड, दुसरीचा नेहेमाया ब्लॅकिस्टन, तिसरीचा केनेल्म चेझलडाइन. 1689मध्ये मेरीलँडचे कॅथलिक मालक लॉर्ड बाल्टिमोर यांचं सरकार उलथवणाऱ्यांत हे तिघे पुढे होते, आणि तिघे एकमेकांचे साडू! नुसत्या आडनावामागे किंवा धर्मामागे गेलं असतं तर हे नातं दिसलंच नसतं.

तेव्हा मृत्युपत्रात मुलांच्या नावांपाशी थांबू नका. साक्षीदार कोण, अंमलबजावणी कुणाकडे दिली, ‘भाऊ’ म्हणून कुणाला म्हटलंय ते बघा. त्या काळी मेहुण्यालाही सर्रास भाऊच लिहायचे, सावत्र मुलाला जावई म्हणायचे ते वेगळंच. ‘मिस्टर’ अमुक यांना इतकी तंबाखू, असं कुठे दिसलं तर तो पाद्री असू शकतो. जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांना तिथे मिस्टर म्हणत, आणि तंबाखू हेच चलन होतं. तारखेलाही जपा. तेव्हा इंग्रजी वर्ष 25 मार्चला बदलायचं, ही पद्धत 1752पर्यंत चालली. तुमच्या मृत्युपत्रावर फेब्रुवारी 1676 असेल तर आपल्या हिशेबानं ते 1677.

सेंट मेरीजची कचेरी 1831मध्ये जळाली, म्हणून पुष्कळ जण तिथेच हात टेकतात. पण मृत्युपत्रं आणि जमिनीचे दाखले प्रांताच्या मध्यवर्ती दप्तरातही उतरवले जात, आणि ते दप्तर अ‍ॅनापोलिसच्या सरकारी अभिलेखागारात शाबूत आहे. जो स्वखर्चानं माणूस आणेल त्याला डोई 50 एकरांचा हक्क मिळायचा. ही पद्धत 1683पर्यंत होती. त्यामुळे दाव्यात बायको, मुलं, करारानं बांधलेले नोकर, सगळ्यांची नावं येतात. एक मात्र लक्षात ठेवा: दाव्याची तारीख म्हणजे येण्याची तारीख नव्हे. हा हक्क विकता यायचा, आणि माणूस कैक वर्षांनीही दावा लावायचा.

इंग्लंडकडे वळाल तेव्हा बाप्तिस्म्याच्या नोंदीची फार आस धरू नका. कॅथलिकांचे बाप्तिस्मे आणि लग्नं बरेचदा चोरून व्हायची. सरकारी प्रोटेस्टंट चर्चला न जाणाऱ्याला 1581पासून महिना 20 पौंड दंड होता. आज मात्र त्या दंडाच्या याद्याच आपल्या कामी येतात. 1592पासूनच्या या याद्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांत नावापुढे गाव आणि दर्जा लिहिलेला असतो. बड्या घराण्याचं नाव शोधण्यापेक्षा तुमच्या साक्षीदारांची आडनावं एकाच परगण्यात एकत्र सापडतात का, ते तपासा. तशी तीन सापडली तर तुम्ही योग्य गावाच्या आसपास आहात.

आणखी एक वाट आहे, तिकडे फारसं कुणी जात नाही. मेरीलँडात कॅथलिक शाळेवर बंदी आली तेव्हा ऐपतदार घरांनी मुलगे फ्रान्समधल्या सेंट ओमेरला जेझुइटांकडे पाठवले आणि मुली फ्लँडर्समधल्या (आजचं बेल्जियम) इंग्रज मठांत. चार्ल्स काउंटीची अ‍ॅन मॅथ्यूज अशीच तिथल्या होखस्ट्राटनच्या कार्मेल मठात (कार्मेल हा कॅथलिक ननांचा एक संघ) गेली आणि 1790मध्ये परत येऊन तिनं मेरीलँडातल्या पोर्ट टोबॅकोला मठ काढला. मठात दीक्षा घेणाऱ्या मुलीच्या नोंदीत आईवडील दोघांची नावं मिळतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. मिस्टरांच्या घराण्यात पुढच्या पिढ्यांत कुणी नन झाली असेल तर ती नोंद आधी काढा. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठानं 1600 ते 1800 मधल्या या इंग्रज ननांची सूची ऑनलाइन ठेवली आहे.

मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत गाईगुरं, भांडी यांच्या जोडीला गुलाम माणसांची नावं आणि किमती आल्या, तर त्या ओळी गाळू नका. मला पहिल्यांदा अशी यादी दिसली तेव्हा एका पोराचं नाव आणि तांब्याची कढई लागोपाठच्या ओळीत होती. त्या दिवशी मी पुढे काही वाचलं नाही. 1838मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी 272 माणसं लुइझियानात विकली. त्यांचे वंशज आजही आपलं मूळ अशाच कागदांतून जुळवतायत. नाव आणि वय जसंच्या तसं उतरवून घ्या, कुणाच्या तरी पणजीचा तो एकमेव कागद असेल.

सध्या एवढं करा: मृत्युपत्राचं शेवटचं पान नीट प्रकाशात वाचून साक्षीदारांची नावं मला कळवा. अक्षर लागलं नाही तर फोटो पाठवा. जमिनीच्या दाखल्यांच्या सूचीत ती नावं मी बघून देतो.