वाचकांचे प्रश्न : पुरानंतर बदललेला कुत्रा

प्रश्न : आमचे घर सांगलीत कृष्णेच्या काठालगत आहे. २०१९ च्या महापुरात आम्हांला घाईने बाहेर पडावे लागले आणि आमचा मोत्या, जो तेव्हा दीड वर्षाचा होता, गच्चीवर अडकला. दोन दिवसांनी त्याला होडीतून आणता आले. तेव्हापासून ढग गडगडले की तो धापा टाकतो, थरथरतो, दाराची चौकट खरवडतो आणि जवळ जाणाऱ्यावर गुरगुरतो. त्याच गच्चीवर अडकलेली शेजाऱ्यांची कुत्री मात्र भर पावसात ओसरीवर खुशाल झोपते. मोत्याचा स्वभावच भित्रा म्हणायचा, की हा ताणाचा परिणाम? रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक तपासून याचा उलगडा होईल का?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : रक्ताच्या तपासणीवर पैसे खर्च करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यावरून कुत्र्याचा स्वभाव सांगता येत नाही. कॉर्टिसॉल भीतीने वाढते, तसेच ते धावण्याने, खेळाच्या उत्साहाने आणि दवाखान्याच्या टेबलावर उभे केल्यानेही वाढते. कुशिंग (कॉर्टिसॉल फार वाढणे) किंवा ॲडिसन (ते फार कमी पडणे) या आजारांचा संशय असेल तर पशुवैद्यक कॉर्टिसॉलच्या विशिष्ट चाचण्या करतात, पण त्यांचा हेतू मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीचे काम तपासण्याचा असतो, भित्रेपणा मोजण्याचा नव्हे.

धोका जाणवताच मज्जासंस्थेच्या इशाऱ्याने अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून काही सेकंदांत ॲड्रेनालिन सुटते. नाडी वाढते, बुबुळे विस्फारतात, पचन मंदावते. आवडीचा तुकडा पुढे केला तरी घाबरलेला कुत्रा त्याला तोंड लावत नाही, तो याचमुळे. दुसरी साखळी सावकाश चालते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती रक्तामार्फत अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्य भागाला उत्तेजित करते आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढू लागते. पुरेसे झाल्यावर कॉर्टिसॉलच मेंदूला ही साखळी थांबवण्याची खूण देते. प्रकृतीने धीट असलेल्या कुत्र्यातही ही सारी उलथापालथ होतेच. माझ्या मते स्वभावाचा खरा माग ताण किती चढला यापेक्षा तो किती वेळात उतरला यात लागतो. गडगडाटाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना वादळाचा आवाज ऐकवून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल दुपटीहून अधिक वाढले आणि ४० मिनिटांनंतरही पूर्वपदावर आले नाही. ज्या घरांत एकापेक्षा अधिक कुत्रे होते तेथे मात्र ते लवकर उतरले.

आपल्या प्रश्नाशी विलक्षण जुळणारी घटना शंभर वर्षांपूर्वीची आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राड शहरात पूर आला आणि कुत्र्यांच्या शिकलेल्या प्रतिसादांचा अभ्यास करणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्रे पाण्यातून पोहत बाहेर काढावे लागले. पुढे काही कुत्रे पूर्ववत वागू लागले, तर ज्यांना पाव्हलॉव्ह दुर्बल मज्जासंस्थेचे मानत त्यांपैकी काहींची शिकवलेली प्रतिसादांची घडी पार विसकटली. त्यांतील एक कुत्रा सावरल्यावर त्याच्या खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली, तेव्हा तो पुन्हा कोलमडला. एकच पूर, पण कुत्र्यागणिक परिणाम निराळा. म्हणूनच ‘स्वभाव की ताण’ अशी निवड करणे योग्य नाही. उपजत प्रकृतीने मोत्याला कदाचित हळवे केले असेल. परंतु जिथून सुटकेला वाट नव्हती अशा जागी काढलेल्या दोन दिवसांनी त्या हळवेपणाला पावसाचा आवाज जोडून दिला. तीव्र भयात स्रवणारी संप्रेरके भीतीची आठवण अधिक पक्की करतात आणि पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात, काही उपाय न केल्यास, तिला उजाळाच मिळत जातो.

गुरगुरण्याबद्दल त्याला रागावू नये. ‘जवळ येऊ नका’ एवढेच तो सांगत असतो, आणि ही सूचना मार देऊन बंद केली तर पुढच्या वेळी तो थेट चावू शकतो. त्याला त्या वेळी साखळीने बांधणे तर सर्वांत वाईट, कारण निसटता न येणे हाच मूळ प्रसंगातील जाच होता. आतल्या खोलीत, खिडकीपासून दूर, स्वतःहून येता-जाता येईल असा अंधारा कोपरा द्यावा. तो आपणहून जवळ आला तर त्याला खुशाल कुरवाळावे. धीर दिल्याने भीतीचे लाड होतात, ही समजूत चुकीची आहे. खरे काम उन्हाळ्यात करायचे असते : पावसाचे ध्वनिमुद्रण जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात लावून सोबत आवडीचे खाणे द्यावे, आणि तो निवांत राहील तेवढाच आवाज काही आठवड्यांत वाढवत न्यावा. तो अन्न नाकारू लागला, तर आपण घाई केली असे समजावे. मोत्याचे वय आता उताराला लागले असल्याने सांधेदुखीही चिडचिडीच्या मुळाशी असू शकते; तेवढी तपासणी मात्र जरूर करून घ्यावी. भीती फार असेल तर पशुवैद्यक औषध देऊ शकतात. केवळ अंग सुस्त करणारे, पण भीती तशीच ठेवणारे एसेप्रोमाझिन एकटेच दिले जात नाही ना, हे त्यांना विचारावे. शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावात सोय नसल्यास तेथे चौकशी करता येईल.

प्रश्न : आम्ही पिल्लू आणणार आहोत. शांत स्वभावाचे पिल्लू कसे ओळखावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : पिल्लाआधी त्याची आई पाहावी. अनोळखी माणूस समोर असताना ती कशी वागते, यावरून बरेच कळते. स्वभावाला आनुवंशिक आधार असतो हे रशियात आनुवंशशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव्ह यांनी १९५९ पासून चालवलेल्या कोल्ह्यांच्या प्रयोगातून दिसून आले : पिढ्यान्‌पिढ्या माणसाला न बुजणारे कोल्हे निवडत गेल्यावर त्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉलसदृश संप्रेरकांचे प्रमाणही घटत गेले. तरीही जन्मानंतरचा सुमारे तिसरा ते बारावा आठवडा फार मोलाचा असतो. या काळात पिल्लाला माणसे, मुले, दुचाकीचा आवाज, कुकरची शिट्टी यांची बेताने ओळख करून द्यावी आणि सात-आठ आठवड्यांपूर्वी त्याला आईपासून तोडू नये. हातांनी टाळी वाजवून पाहावी. सगळीच पिल्ले दचकतील, पण दचकून क्षणभरात पुन्हा हुंगायला येणारे घ्यावे.