डॉक्टरांना विचारा: लिथियमची गोळी आणि आपल्याकडचं ऊन

प्रश्न: धाकटा भाऊ बायपोलरसाठी (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं, तो आजार) लिथियम घेतो, आता छान आहे, यावलला केळीच्या बागेत कामाला जातो. ओपीडीत डॉक्टर सारखी रक्ततपासणी सांगतात. बरं वाटतंय तर परत परत कशाला?

उत्तर: ताई, मी स्वतः ओपीडीत हीच गोळी लिहून देतो म्हणून कळकळीने सांगतो, तपासणी टाळू नका. लिथियमची रक्तातली गुण येणारी लेव्हल आणि त्रास देणारी लेव्हल यात अंतर फार कमी, ती साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) मध्ये ठेवतो, १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. रात्री नऊला गोळी घेतली तर रक्त सकाळी नऊला, म्हणजे बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी असेल तर ती त्यानंतरच. किडनी, थायरॉईडही बघावं लागतं.

आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, बागेत घाम गळतो, अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि तोच डोस जास्त होतो, जुलाब लागले तरी तेच. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ एकदम कमी करायचं नाही. अंग दुखतं म्हणून मेडिकलवरून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणू नका, पॅरासिटामॉल चालतं. बीपीची नवी गोळी सुरू झाली तरी आम्हाला सांगा, सगळी पाकिटं पिशवीत घेऊनच या.

हात जोरात थरथरले, उलट्या, तोल जाणं, बोलणं जड झालं तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठा. एरवी मात्र मनाने बंद करू नका, आजार उलटतो.