मामांचा जुना ट्यूब अँप ऑन करू का?

प्रश्न: मामांचा १९६०च्या दशकातला गिटारचा ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) माझ्याकडे आलाय, वीसेक वर्षं बंदच होता. सरळ ऑन करून बघू का? ट्यूब सगळ्या नवीन घ्याव्या लागतील का? मित्र म्हणतो विकून टाक, आता डिजिटलमध्ये सगळे आवाज मिळतात.

उत्तर: प्लग अजिबात लावू नका, आधी हे. सगळे ट्यूबचीच काळजी करतात पण खरा घोळ फिल्टर कपॅसिटरचा, म्हणजे आतला डीसी स्थिर ठेवणाऱ्या पार्टचा असतो, ते नुसते पडून राहिले तरी आतून सुकतात आणि अचानक फुल व्होल्टेज दिलं की शॉर्ट होऊन पॉवर ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. ओरिजिनल ट्रान्सफॉर्मर गेला की अँपचा जीवच गेला हो, त्यामुळे ट्यूब अँपवर हात बसलेल्या टेक्निशियनकडेच न्या, तो करंट आवरायला वाटेत सिरीज बल्ब लावेल किंवा व्हेरियॅकवर, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू व्होल्टेज चढवेल. स्वतः उघडू नका, आत ४०० व्होल्टच्या वरही डीसी असू शकतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो बसून राहतो. वायर दोन पिनांची असेल तर तीन पिनांची करून अर्थिंग घ्या, आणि मेन्समधून चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला कपॅसिटर असेल तर काढायला सांगा, तो शॉर्ट झाला तर करंट थेट गिटारच्या तारांपर्यंत येतो. इथे ओरिजिनलचा हट्ट नको. बाकी काढलेले पार्ट मात्र पिशवीत जपून ठेवा.

ट्यूब सरसकट बदलू नका. प्रीअँपच्या, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या १२एएक्स७ वगैरे छोट्या ट्यूब, वर्षानुवर्षं चालतात, स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूब लवकर झिजतात, त्या जोडीत असतील तर मॅच्ड, म्हणजे सारख्या मोजमापाच्या, जोडीनेच घ्या आणि बायस, म्हणजे ट्यूबमधून वाहणाऱ्या करंटचं सेटिंग, चेक करून घ्या. आणि स्पीकर न जोडता कधीच चालवू नका, स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

विकायचं म्हणाल तर माझं मत नको असंच आहे. रेक्टिफायर ट्यूब (एसीचा डीसी करणारी) असेल तर जोरात कॉर्ड मारल्यावर व्होल्टेज क्षणभर बसतं, आवाज दबतो आणि मग फुलत वर येतो, ते बोटांना कळतं, आणि गिटारचा व्हॉल्यूम जरा कमी केला की तोच अँप स्वच्छ वाजायला लागतो. फेंडर या अमेरिकन कंपनीचा बासमन अँप बास गिटारसाठी बनवलेला, पण गिटारवाल्यांनीच तो उचलला, आणि १९६२ला इंग्लंडच्या मार्शलने पहिला अँप बनवला तो त्याच्याच सर्किटवरून, एवढी त्या आवाजाची ओढ होती. डिजिटल चांगलंच आहे, पण आधी मामांचा दुरुस्त करून महिनाभर वाजवा, मग ठरवा.