‘लगेच’ नऊ वेळा

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. जुनी खोड. ‘लगेच’ हा शब्द तू नऊ वेळा लिहिला आहेस. लगेच कळवायचंय, लगेच ठरवायला हवं, लगेच काहीतरी हाताशी पाहिजे. ‘मला काय वाटतं’ हे मात्र एकदाच, तेही कंसात.

मला जे कळलं ते आधी सांगते, चुकलं तर दुरुस्त कर. सध्याचं काम राहील की जाईल हे कुणी नीट सांगत नाही. तीन महिने झाले, रोज नवी वावडी उठते. दुसरीकडून एक जागा चालून आली आहे. त्यांना सोमवारपर्यंत होकार हवाय. तुझा अनुभव १४ महिन्यांचा आहे, पण ‘अर्जात दोन वर्षं लिही, एवढं तर सगळेच करतात’ असं त्यांच्यातल्याच एकानं सुचवलंय. तुला ते खटकतंय. तरी तू विचारतेस, अशा दिवसांत इतकं काटेकोर राहणं परवडतं का?

‘परवडतं’ असं छातीठोक उत्तर मी देणार नाही. तुझं पुढच्या महिन्याचं भाडं मला भरायचं नाहीये. दुसऱ्याच्या जिवावर तत्त्वं सांगायला काहीच लागत नाही. पण हे दिवस इतके जड का जातात, त्याबद्दल थोडं बोलता येईल.

२०१६ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड दिसायचा, त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगला दुखेल असा. साप निघण्याची शक्यता मात्र सारखी बदलत ठेवली होती. अंगाला सुटणारा घाम, डोळ्यांच्या बाहुल्या आणि त्यांनी स्वतः सांगितलेला ताण, असं सगळं मोजलं. झटका बसणारच हे पक्कं ठाऊक होतं तेव्हा ताण त्या मानानं कमी होता. सगळ्यात जास्त ताण होता तो शक्यता निम्मी-निम्मी असताना.

वाईट बातमी आपण पचवतो, अधांतरी लटकणं पचत नाही. म्हणून ते लटकणं संपवायला माणूस वाटेल ते करतो. नको त्या जागी होकार देतो, टिकवायचं नातं तोडून मोकळा होतो. ‘एकदाचं काय ते होऊन जाऊ दे’ असं किती जण म्हणतात बघ. त्यांना वाटतं आपण निर्णय घेतला. खरं तर त्यांना फक्त सुटायचं असतं.

हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगते.

एकतीस वर्षांची होते. जिथे काम करत होते तिथे माणसं कमी करणार अशी कुजबुज चालली होती. एका संध्याकाळी साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात तपासणीचा अहवाल. ‘शेवटच्या पानावर फक्त सही हवी.’ अहवाल बावीस पानी. माझ्या एका हातात फोन होता, म्हणून पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि सही ठोकली. न वाचता. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी ‘न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही’ असं बजावणारी बाई मी.

सातव्या पानावर आकडे चुकले होते. तीन आठवड्यांनी ते उघडकीला आलं आणि बोलणी बसली ती माझ्या हाताखालच्या मुलाला, कारण आकडे त्यानं भरले होते. मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, सही माझी आहे, मी वाचायला हवं होतं. नोकरी गेली नाही, कुणी फारसं रागावलंही नाही. त्या मुलानं मला कधीच काही विचारलं नाही. पण त्यानंतर सहीसाठी कागद आणला की तो ठेवून जात नसे. मी वाचून होईपर्यंत समोर उभा राहायचा.

बरीच वर्षं मी या सगळ्याला भित्रेपणा म्हणत आले. आता त्याचे दोन भाग करते. ते गप्प बसलेले दोन दिवस भित्रेपणाचेच. सही मात्र घाईची होती. त्या संध्याकाळी कुणी मला ‘खोट्या कागदावर सही कर’ म्हटलं असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं. पण कुणी तसं म्हणत नाही गं. म्हणतात ते ‘जरा पटकन’.

प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, १९७३ साली तो प्रसिद्ध झाला. ४० विद्यार्थी. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींना विषय दिला होता बायबलमधल्या त्या भल्या परक्या माणसाच्या गोष्टीचा, जो रस्त्यात जखमी पडलेल्याला उचलतो. आणि वाटेत दाराशी एक माणूस मुद्दाम बसवला होता, मान खाली, खोकत, कण्हत. काहींना सांगितलं ‘तुम्हाला उशीर झालाय’, काहींना ‘वेळेत आहात’, काहींना ‘अजून वेळ आहे’. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के त्या माणसापाशी थांबले, मधल्यांपैकी ४५ टक्के, उशीर झालेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कुठला, यानं फारसा फरक पडला नाही. काही जण तर त्याला ओलांडून गेले, परोपकारावर बोलायला.

हे वाचलं तेव्हा मी हसले होते. मग ती सही आठवली. त्या मुलांची मूल्यं खोटी नव्हती, पोचल्यावर त्यांच्यातले काही जण अस्वस्थही दिसले म्हणे. पण मूल्याला उभं राहायला जागा लागते, आणि ती जागा घड्याळानं व्यापलेली होती.

म्हणून तुला थांब म्हणतेय. ‘संथ जगा’ असं हल्ली जो तो सांगतो, आणि सांगणाऱ्यांची पोटं बहुधा भरलेली असतात. तसलं काही मी सांगत नाही. नोकरी सोडून डोंगरावर जाऊन बसू नकोस. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक रात्र ठेव, इतकंच. ‘उद्या सकाळी सांगते’ हे वाक्य आरशासमोर म्हणून बघ. सुरुवातीला जीभ अडखळते, मग सवय होते. मला हे जमायला चाळिशी उजाडली.

आणि सोमवार कुणी ठरवला, हे विचारलंस का? बहुतेक मुदती अशाच कुणाच्या तरी तोंडाला आलेल्या असतात. ‘बुधवारपर्यंत वेळ मिळेल का?’ असं सरळ विचार. मिळाले दोन दिवस तर उत्तम. नाही मिळाले तर ते कसं नाही म्हणतात ते नीट ऐक. दोन दिवस मागितल्यावर जी माणसं तडकतात, ती पुढे सुट्टी मागितल्यावर काय करतील याचा अंदाज तुला आत्ताच येईल.

काही गोष्टी लगेचच करायच्या असतात, हेही खरं. कुणी पडलं असेल तर हात लगेच द्यायचा. चूक कबूल करायची असेल तर त्याच दिवशी. ती कबुली मी लांबवली होती, सही मात्र झटपट उरकली. नेमकं उलटं.

आता मूल्यांचं. तू लिहिलंयस, ‘मला प्रामाणिकपणे जगायचंय’. छान. पण सोमवारी सकाळी फोन वाजल्यावर हा शब्द कामाला येणार नाही. इतका मोठा शब्द ऐन वेळी हाताशी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी काढली. त्यात डॉक्टरांना माहीत नाही असं काही नव्हतं. रुग्ण हाच ना, जागा हीच ना, करायचं हेच ना, प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. हे सगळं चीर देण्याआधी थांबून, मोठ्यानं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. २००९ मध्ये हे आकडे छापून आले. शहाणी माणसंही घाईत साध्या गोष्टी विसरतात, म्हणून थांबायचं कुठे आणि विचारायचं काय, हे डोकं शांत असताना लिहून ठेवावं लागतं.

तूही लिही. पण ‘सचोटी’, ‘निष्ठा’ असं नको, करण्या-न करण्याचं लिही. ‘जे केलं नाही ते केलं म्हणून सांगणार नाही.’ ‘माझ्या चुकीची बोलणी दुसऱ्याला बसू देणार नाही.’ दोन-तीन वाक्यं पुरेत. मग प्रत्येकापुढे लिही की ते पाळताना काय गेलं तरी चालेल. हे दुसरं लिहिणं अवघड असतं. मी लिहायला बसले तेव्हा वाक्यं सात होती. किंमत लिहिता लिहिता चार खोडली. ती मला कुणाला तरी दाखवायला हवी होती, जगायला नव्हे. खोडताना वाईट वाटलं, पण उरलेली तीन अजून टिकून आहेत.

तुझ्या यादीतून १४ महिन्यांचं वाक्य खोडलं गेलं, तर मी तुला नावं ठेवणार नाही. घरचं ओझं कुणाच्या खांद्यावर किती आहे, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मात्र खोडायचं तर बसून, दिवा लावून, पुढ्यात कागद घेऊन खोड. फोन खांद्यात धरून, पेनाचं टोपण दातात धरून नको.

माझं मत विचारशील तर १४ म्हणजे १४च लिही, आणि त्या १४ महिन्यांत काय काय केलंस ते नीट सविस्तर लिही. गेल्या वर्षी तू ती बंद पडलेली नोंदवही पहिल्या पानापासून पुन्हा लावलीस, त्याचा तुझ्या अर्जात उल्लेखही नाही. मी बघितलाय तो अर्ज. दोन वर्षं म्हणवून घेणाऱ्या पुष्कळांना ते जमलं नसतं.

बुधवारपर्यंतच्या मुदतीला ते काय म्हणाले ते कळव. हो म्हणाले तर दोन ओळी पुरेत. नाही म्हणाले तर मोठं पत्र लिही.

तुझी,
मॅडम (अजून तेच म्हणतेस, म्हणून)